बसलेली स्प्रिंग

बाबांचं बोलायचं मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं, तेव्हा बारकीने डबा भरायचा अर्धवट टाकला आणि मशीनच्या बुडाचं झाकण फिरवून उघडलं.

आतून आधी सेल घसरून बाहेर आला आणि त्यामागून स्प्रिंग. आठवड्यापूर्वी घातलेली, कोरी करकरीत. ताठ उभी राहायची ती आता उन्हात विसरलेल्या मेणबत्तीसारखी एका अंगावर बसली होती. तिचे वेढे एकमेकांवर टेकले होते. बारकीने ती चिमटीत पकडून बाबांसमोर धरली.

"हे कसं झालं?"

बाबांनी खांदे उडवले. मांडीवर पांढरी पाटी ओढली, मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि लिहिलं, 'स्प्रिंग कच्ची.'

"दोनदा कच्ची निघाली. तिसऱ्यांदाही कच्चीच?"

त्यांनी त्या दोन शब्दांखाली एक जाड रेघ मारली. म्हणजे बोलणं संपलं.

चार भावंडांतली शेवटची म्हणून ती बारकी. आता तिचे गुडघे दुखायला लागले होते, चाळिशी लागून बरीच वर्षं झाली होती, पण नाव काही मोठं झालं नव्हतं. ती चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसायची. दिवसभर काच उजेडासमोर धरायची, चरा दिसला की बाजूला काढायची. घरी नवरा, जो बस डेपोत मेकॅनिक होता, आणि दीड वर्षापासून बाबा.

बाबांनी अडतीस वर्षं मासळीबाजारात लिलाव पुकारला होता. लाउडस्पीकर लावायची त्यांना कधी गरज पडली नाही. बाजारात त्यांना 'भोंगा' म्हणायचे, आणि हे नाव त्यांना मनापासून आवडायचं. मग आवाज घोगरा झाला, गिळताना दुखायला लागलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढून टाकावं लागेल. बाबा तीन आठवडे 'बघू, बघू' करत राहिले. शेवटी बारकीनेच कागद पुढ्यात ठेवला आणि पेन त्यांच्या बोटांत दिलं. "करा सही बाबा. आवाज जाईल, तुम्ही तर राहाल." त्यांनी सही केली आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं होतं, की भीतीचं, की नुसतंच, हे तिला आजतागायत कळलं नव्हतं.

ऑपरेशननंतर श्वास गळ्याच्या खालच्या छिद्रातून सुरू झाला आणि बोलण्यासाठी हॉस्पिटलने हे मशीन दिलं. जाडसर टॉर्चएवढी धातूची नळी. वरचं टोक गळ्याला टेकवून बाजूचं बटण दाबायचं आणि ओठ, जीभ हलवून बोलायचं. मशीन गळा थरथरवतं, शब्द तोंडाने घडवायचे. आवाज सगळा एका सुरात येतो, डब्यात अडकलेला भुंगा बोलायला शिकावा तसा. टोकाच्या खाली एक रिंग असते, ती फिरवली की आवाज लहानमोठा होतो.

घरात बाबा त्या मशीनवर दिवसाला चार शब्द बोलायचे. 'हो', 'नको', 'झालं', फार तर 'दार'. बाकी पाटी. कधी पाटीही नाही, नुसता हात. बारकीने धरून चालली होती की ते तिच्यावर रागावलेत. पेन तिने दिलं होतं ना. आणि आता मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा तिच्या मनात आलं की बाबा ते मुद्दाम बिघडवत असावेत, म्हणजे ते चार शब्दही बोलायला नकोत. विचार आला तशी तिची तिलाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार काही गेला नाही.

दुरुस्तीचं दुकान कारखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. घड्याळं, टॉर्च, कानाची मशीनं, रक्तदाब बघायची यंत्रं, काहीही उघडून बसणाऱ्या एक बाई तिथे होत्या. डोळ्याला भिंग लावलेल्या आणि केस पेन्सिलीने वर खोचलेल्या. बारकीने काउंटरवर रुमाल उलगडला. बाईंनी बसलेली स्प्रिंग उचलली, भिंगाखाली धरली आणि म्हणाल्या, "ताई, खरं सांगा. वडील याच्यावर किती बोलतात?"

"बोलतातच कुठे? दिवसाला चार शब्द."

"चार शब्दांनी ही बसत नाही."

"म्हणजे स्प्रिंग कच्ची नाही?"

"अजिबात नाही. उलट चांगली आहे, म्हणून तर बसली."

बाईंनी स्टूल पुढे सरकवलं आणि तिला बसवलं.

"हे बघा. तुमच्या घरात फ्यूज आहे ना? कुठे शॉर्ट झालं की त्याची तार वितळते आणि दिवे जातात. दिवे जातात, पण घर पेटत नाही. आता या एवढ्याशा मशीनमध्ये फ्यूजला वेगळी जागा कुठे ठेवणार? म्हणून ते काम या स्प्रिंगलाच दिलंय. एरवी तिने सेलला खालून रेटून धरायचं, म्हणजे करंट तिच्यातून जातो आणि मशीन चालतं. पण आत कुठे तार उघडी पडली, भलत्या जागी टेकली, तर सेलमधला सगळा करंट एकदम धावत सुटतो. मग ही तापते. तापली की हिच्यातला ताठपणा जातो आणि सेलच्या वजनाखाली ही बसते. सेल खाली सरकून त्याच्या वरच्या टोकाशी केसाएवढी फट पडली, की करंट थांबला. कळलं?"

"म्हणजे ती बिघडली."

"बिघडली नाही. तिने तिचं काम केलं."

"पण मशीन तर बंद पडलं ना?"

"बंद पाडणं हेच तर तिचं काम."

बारकीने मान डोलावली, पण काही केल्या तिच्या डोक्यात ते नीट बसेना. कारखान्यात काच चांगली असते नाहीतर खराब असते. बंद पडली म्हणून चांगली, असं तिथे काही नसतं.

बाईंनी नवी स्प्रिंग घातली, मशीन आपल्या तळहातावर टेकवून सुरू केलं. रिंग हळू ठेवून पाहिली, मोठी करून पाहिली. मशीन व्यवस्थित गुणगुणत राहिलं. त्या म्हणाल्या, "इथे काहीच होत नाही. म्हणजे तुमचे वडील याचं असं काहीतरी करतात जे मी करत नाहीये. दोन दिवस मशीन माझ्याकडे ठेवा. सगळं खोलून बघते."

"दोन दिवस ते बोलणार कसे?"

"चार शब्दच बोलतात म्हणालात ना."

बारकीला राग आला आणि तो कोणावर आला हेही कळेना. "सुट्टीच्या दिवशी आणून देते," असं म्हणून तिने मशीन उचललं.

संध्याकाळी तिने बाबांना विचारलं, "तुम्ही मशीनचं काही करता का? म्हणजे उघडता का? कुठे आपटता का?" बाबांनी मशीन गळ्याला लावलं आणि म्हणाले, "नाही." रिंग मधोमध होती. आवाज नेहमीसारखाच भुंग्याचा. मशीन बंद न पडता बाजूला ठेवलं गेलं.

पाचव्या दिवशी ते परत बंद पडलं.

या वेळी नवऱ्याने ते हातात घेतलं. तो जेवायला बसला होता, ताट बाजूला सारून त्याने झाकण उघडलं. बसकी स्प्रिंग बघून त्याने बाईंना एक शेलका शब्द दिला.

"अहो, त्यांचा दोष नाही," बारकी म्हणाली. "त्या म्हणाल्या, ती स्प्रिंग बंद पडायलाच असते."

"बंद पडायला असते?"

"म्हणजे, आत काही झालं की ती बसते. चांगली असते म्हणून बसते. कच्ची असती तर..." तिला पुढचं सांगता येईना. दुकानात ऐकताना थोडं तरी कळल्यासारखं वाटत होतं, आता सांगायला गेल्यावर सगळा गुंता झाला.

नवरा हसला. "बारके, ती स्प्रिंग त्या बाईंचं दुकान चालू ठेवायला असते. उद्या मी ब्रेक असे बसवले की दर आठवड्याला बस परत डेपोत, तर लोक मला डेपोत उभं करतील का?"

बाबा टेबलाच्या पलीकडे बसून हे सगळं ऐकत होते. त्यांनी पाटी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने डेपोतून पितळेचा एक बोल्ट आणला. सेलच्या मागे बरोबर बसेल असा कापला, घासला, गुळगुळीत केला. स्प्रिंगच्या जागी तो घातला आणि झाकण घट्ट केलं. मशीन ठणठणीत चाललं. त्याने ते सासऱ्यांच्या हातात दिलं. "घ्या बाबा. आता बसायला आत काही उरलंच नाही."

बाबांनी गळ्याला लावून म्हटलं, "छान."

पुढचे सहा दिवस मशीनला काही झालं नाही. बारकीला इतकं हायसं वाटलं की सुट्टीच्या दिवशी ते दुकानात न्यायचं तिने टाळलं. बाईंना निदान कळवावं, त्या वाट बघत असतील, म्हणून सातव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या गल्लीत गेली.

"आणलंत मशीन?" बाईंनी विचारलं.

"आता गरज नाही. आमच्या घरीच झालं काम. यांनी स्प्रिंगच्या जागी बोल्ट घातला."

बाईंच्या हातात एका घड्याळाचं काटे नसलेलं तोंड होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. "कसला बोल्ट?"

"पितळेचा. चांगला मजबूत आहे, सहा दिवस झाले, एकदाही..."

"ताई, आत जे शॉर्ट होतंय ते अजून तसंच आहे. मी काढलेलंच नाही ते. आतापर्यंत स्प्रिंग बसायची आणि करंट तोडायची. बोल्ट बसणार नाही. या वेळी शॉर्ट झालं तर करंट थांबवायला काहीच नाही. सेल तापत जाईल. तापता तापता फुटू शकतो." त्या बोलता बोलता काउंटरच्या बाहेर आल्या. "आणि ते मशीन ते गळ्याला लावतात. श्वासाच्या छिद्राच्या इतकं जवळ. तुम्ही आधी घरी फोन लावा."

बारकीने लावला. वाजत राहिला. बाबा फोन कधीच उचलत नसत, उचलून बोलणार काय? तिने मेसेज टाकला, 'मशीन हातात घेऊ नका.' तो बघितल्याची खूण आली नाही. मग ती पळत सुटली. कारखान्यात कुणाला सांगायचंही तिला सुचलं नाही.

घराला कुलूप होतं.

हे तिला समजेना. बाबा घरातच असतात. ती सकाळी जाते तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत, ती येते तेव्हा त्याच खुर्चीत. तिने कुलूप ओढून पाहिलं, दारावर थापा मारल्या, कुलूप बाहेरून आहे हे दिसत असूनही हाका मारल्या. समोरच्या काकूंनी दार उघडलं.

"अगं, ते नाहीयेत. न्हाव्याकडे गेलेत."

"केस कापायला?"

काकूंना हसू आलं. "रोज? रोज अकराला जातात की ते. तू आणि तुझा नवरा गेलात की तासाभराने. तुला माहीत नाही?"

बाबांचं डोकं ऑपरेशननंतरच्या औषधांनी अर्धं उघडं पडलेलं. रोज कापायला केस आणायचे कुठून?

"कोपऱ्यावरचा बहिरा न्हावी," काकू म्हणाल्या. "पळतेस कशाला? काय झालं?"

ती तोवर अर्धा जिना उतरली होती.

न्हाव्याच्या दुकानाआधी दोन दुकानांवर तिला आवाज ऐकू आला आणि तिचे पाय आपोआप मंदावले. तोच भुंगा, पण तिने कधी ऐकला नव्हता इतका मोठा. रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्याच्यावरून ऐकू येणारा. आणि तो चार शब्दांचा नव्हता. सलग, न थांबता, मध्येच वेग घेणारा.

"...मी म्हटलं, बाई, हा मासा सकाळी मेलाय, तुम्ही नाक धरलंय ते माझ्यामुळे! तर ती काय म्हणाली..."

आत कुणीतरी खो खो हसत होतं. बारकी दारात पोचली. आत एकच खुर्ची, समोर आरसा, बाकावर दोन म्हातारे. बाबा बाकाच्या टोकाला बसले होते. डाव्या हाताने मशीन गळ्यात इतकं खोल रुतवलं होतं की कातडीला वळी पडली होती. उजवा हात हवेत होता, लिलावात बोली वर नेताना जायचा तसा. न्हावी गिऱ्हाईकाच्या गालाला फेस लावत होता, पाठ बाबांकडे, पण एक कान मागे वळवलेला.

तिने लगेच ओरडायला हवं होतं. त्यासाठीच तर ती एवढं पळत आली होती. पण ती दारात उभी राहिली. बाबा हसवत होते. हे माणसांना हसवणारे बाबा तिने दीड वर्षात पाहिले नव्हते, आणि आता पाहताना तिला त्यांचा आनंद वाटतोय की संताप येतोय हे तिचं तिला ठरवता येईना. घरी पाटी, आणि इथे हे? फार तर चार-पाच श्वासांचा वेळ गेला असेल. पुढे कित्येक दिवस ते चार-पाच श्वास तिला आठवत राहिले.

"...ती म्हणाली, मेला असेल मासा, पण तुमच्याहून..."

आवाज तुटला.

बाबांनी सवयीने मशीन एकदा झटकलं आणि बटण पुन्हा दाबलं. आवाज आला नाही. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बटण सोडलं, पण ते वर आलं नाही, आतल्या आत चिकटलं होतं. त्यांनी मशीन गळ्यापासून ओढून काढलं, आणि ओठ उघडून हालले, पण ओरडायला आवाजच नव्हता. न्हाव्याची पाठ तशीच. बाकावरचे दोघे गोष्टीचा शेवट येईल म्हणून हसऱ्या चेहऱ्याने थांबलेले.

"बाबा, टाका ते!" बारकी किंचाळली. "टाका!"

मशीन फरशीवर पडलं. त्याच्या बुडातून फुसफुस आवाज येऊ लागला आणि पाठोपाठ पांढरा, उग्र धूर. बारकीने खुंटीवरचा ओला टॉवेल ओढला, हाताला गुंडाळला आणि एका फटक्यात मशीन दाराबाहेर लोटलं. ते पायरीवरून गडगडत गटाराच्या जाळीपर्यंत गेलं आणि तिथे फटाक्यासारखं फुटलं. रस्त्यावरची दोन माणसं उडी मारून बाजूला झाली. मग नुसता धूर.

गोष्ट थांबल्याचं न्हाव्याला आता कुठे कळलं. हातात वस्तरा घेऊन तो वळला आणि म्हणाला, "पुढे काय झालं? काय म्हणाली ती?"

बारकीने बाबांच्या गळ्यावरच्या छिद्रावर आपला रुमाल धरला, धूर आत जाऊ नये म्हणून, आणि त्यांना दुकानाच्या मागच्या दाराने बाहेर काढलं. ते खोकत होते. त्यांचा खोकला तोंडातून नव्हे, रुमालाखालून येत होता.

दवाखान्यात डावा तळवा धुऊन पट्टी बांधली. गळ्यावर लालसर चट्टा उठला होता, त्याला मलम दिलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ तिथे टेकून राहिलं असतं तर वेगळी गोष्ट होती. ती वेगळी गोष्ट काय, ते बारकीने विचारलं नाही.

नवरा डेपोतून आला तो तसाच दवाखान्यात. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने बाबांच्या पट्टीकडे पाहिलं. "माझ्या हातून झालं हे," तो म्हणाला. "मी तर मजबूत केलं होतं." बाबांनी चांगल्या हाताने त्याचा दंड थोपटला. संध्याकाळी तो जळकं मशीन पिशवीत घालून स्वतः बाईंच्या दुकानात गेला आणि परत आला तेव्हा एक कागदाचा चिटोरा घेऊन आला. त्यावर बाईंनी मशीनच्या आतलं चित्र काढलं होतं. रिंगखालून जाणारी एक बारीक तार घासून उघडी पडली होती. रिंग पूर्ण फिरवली आणि वरचं टोक जोरात दाबलं, तरच ती धातूच्या अंगाला टेकायची. मधल्या आवाजावर, हलक्या हाताने, वर्षभर वापरलं असतं तरी काही झालं नसतं.

"म्हणजे ते रोज पूर्ण आवाजात बोलत होते," नवरा म्हणाला. "कुणाशी?"

"बहिऱ्या न्हाव्याशी," बारकी म्हणाली आणि तिला रडू आलं. नवऱ्याला काही उलगडेना, हे रडणं कशासाठी.

हॉस्पिटलकडून दुसरं मशीन यायला नऊ दिवस लागणार होते. पहिले दोन दिवस बारकीने काहीच विचारलं नाही. बाबांची पट्टी बदलायची, मलम लावायचं, एवढंच. तिसऱ्या दिवशी मलम लावताना तिला राहवलं नाही.

"तिथे एवढं बोलता. माझ्याशी का नाही?"

बाबांनी पाटी जवळ घेतली. लिहिलं, पुसलं. परत लिहिलं.

'तू दचकतेस.'

"मी? केव्हा?"

'पहिल्या दिवशी. हॉस्पिटलात. मी बोललो तेव्हा.' त्यांनी जागा संपली म्हणून पुसून पुढे लिहिलं, 'अजून पण. दर वेळी.'

"मी नाही दचकत!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागावलेले दिसत नव्हते. त्यांनी लिहिलं, 'न्हाव्याला ऐकूच कमी येतं. तो दचकत नाही.' आणि खाली, जरा बारीक अक्षरात, 'तुला त्रास नको म्हणून.'

बारकी मलमाची नळी हातात घेऊन बसून राहिली. हॉस्पिटलातला तो दिवस तिने आठवून पाहिला. पलंग आठवला, खिडकीतला उजेड आठवला, बाबांच्या तोंडून मशीनचा पहिला शब्द आला तोही आठवला, ते तिचंच नाव होतं. आपण तेव्हा काय केलं ते मात्र आठवेना. हसले असेन, असं तिला वाटत होतं. नक्की हसलेच असेन. की नसेन? दीड वर्ष ती समजत होती की बाबा तिला शिक्षा करतायत, आणि ते समजत होते की आपण तिला जपतोय. यात चूक नेमकी कोणाची काढायची, हेच तिला कळेना.

"तुम्ही मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

बाबांनी खांदे उडवले. तू तरी कुठे विचारलंस, असा त्याचा अर्थ असावा. किंवा नसावाही.

दहाव्या दिवशी नवं मशीन आलं. ते घेऊन बारकी, नवरा आणि बाबा तिघेही आधी दुरुस्तीच्या दुकानात गेले. बाईंनी ते खोलून आतली तार तपासली, बुडाची स्प्रिंग बाहेर काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. "ही बसली की मला फोन करा. हिला हात लावू नका. आणि आजोबा, तुम्हाला जेवढं मोठ्याने बोलायचंय तेवढं बोला, त्यासाठीच आहे ते." नवऱ्याने मुकाट्याने मान हलवली. बाहेर आल्यावर मात्र म्हणाला, "तरी मला अजून पटत नाही. चांगली वस्तू बसणारी कशी असेल?" बारकी म्हणाली, "मलाही नीट नाही कळलेलं. पण हात लावायचा नाही."

त्या दिवशी संध्याकाळी ती ओट्याशी उभी होती, पाठ दाराकडे. मागे पावलं वाजली. मग एकदम, कानाजवळ, रिंग पूर्ण फिरवलेला तो आवाज आला.

"बारके, तेल संपलंय का? मी खाली जातोय, आणू?"

बारकीच्या हातातला झारा ओट्यावर आपटला आणि तिथून जमिनीवर पडला. ती दचकली होती. खांदे कानापर्यंत वर गेले होते, ते तिला स्वतःलाच जाणवलं. ती वळली. बाबांनी पाहिलं होतं. मशीन गळ्यालाच होतं, अंगठा बटणावर.

क्षणभर तिला वाटलं, आता तो अंगठा निघणार. दचकले नाही असं म्हणणं तर शक्यच नव्हतं.

बाबांनी अंगठा काढला नाही.

"आणि तो झारा उचल," ते त्याच आवाजात म्हणाले. "तेलकट झाली फरशी. मी घसरलो तर परत दवाखाना."

बारकीने झारा उचलला. "संपलंय," ती म्हणाली. "मोठी बाटली आणा."